वाचकांचे प्रश्न : काकांच्या ऑर्केस्ट्राची डॉक्युमेंटरी

प्रश्न : ताई, माझ्या काकांचा ऐंशीच्या दशकातला ऑर्केस्ट्रा पुन्हा एकत्र येतोय, वाशीच्या भावे नाट्यगृहात शो आहे आणि मला त्याची डॉक्युमेंटरी करायचीय. १९६९ च्या टोरांटो रॉक अँड रोल रिव्हायव्हल या संगीत महोत्सवावरची दिग्दर्शक पेनेबेकरची ‘स्वीट टोरांटो’ ही डॉक्युमेंटरी पाहिली, पण त्यात निवेदन नाही की मुलाखती नाहीत. मित्र म्हणतात व्हॉइसओव्हर टाकच, नाहीतर गोष्ट कळणार नाही. काय करू?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : नको टाकूस, अगदी मनापासून सांगतेय. बो डिडली, जेरी ली लुईस, चक बेरी, लिटल रिचर्ड ही पन्नासच्या दशकातली रॉक अँड रोल गाणारी माणसं, १९६९ पर्यंत त्यांना जुन्या जमान्यातली म्हणायला लागले होते, आणि पेनेबेकर त्यांच्याबद्दल कुणाकडून काही वदवून घेत नाही, प्रत्येकाचं एकेक गाणं दाखवतो बस्स, पण आख्खं. गाणं मध्येच कापून कुणीतरी ‘ते काय दिवस होते’ म्हणायला लागलं की आपण ऐकायचं सोडून देतो बघ, मला तर फार राग येतो त्याचा.

मग बीटल्सवाला जॉन लेनन येतो. क्लॅप्टन गिटारवर, फूरमान बेसवर, अ‍ॅलन व्हाइट ड्रम्सवर, बँड ऐनवेळी जमवलेला, रिहर्सल काय ती विमानात, आणि लेनन स्टेजवर सरळ सांगतो की आम्ही आधी कधी एकत्र वाजवलेलं नाही. झाली की गोष्ट सांगून! शेवटी लेननची बायको योको ओनो हिचा आवाज चालू असताना ते गिटार अ‍ॅम्पला (गिटारच्या स्पीकरला) टेकवून ठेवतात, फीडबॅकचा कर्कश आवाज घुमत राहतो आणि सगळे निघून जातात, ते तसंच दिसतं, कुणी समजावून सांगत नाही.

तुझ्याकडेही हे सगळं आहेच. काका लोक अ‍ॅकॉर्डियनचा पट्टा खांद्यावर चढवतात, कोंगोवाला तळहात चोळतो, एन्ट्री चुकली की एकमेकांकडे बघून मान हलवतात, ते टिपायला एक कॅमेरा कायम विंगेत ठेव आणि त्याला जागचं हलवू नकोस. दुसरा समोरून, तोही स्टेजभर फिरवत बसू नकोस, कारण सोलो चालू असताना बोटं दिसायला हवीत.

आवाजाचं मात्र आधी बघ. कॅमेऱ्याच्या माइकवर हॉलचा नुसता घुमारा येतो, म्हणून साउंडवाल्याला आदल्या दिवशी भेट, मिक्सरमधून लाइन घेऊन वेगळ्या रेकॉर्डरवर घे आणि टाळ्या-शिट्ट्यांसाठी प्रेक्षकांत एक माइक लाव, नाहीतर मिक्सरचा आवाज फार कोरडा लागतो. सगळी यंत्रं चालू झाली की कॅमेऱ्यांसमोर एक जोरात टाळी वाजव, एडिटला जुळवायला तीच कामी येते.

काकांना बोलतं करायचंच असेल तर खुर्चीत बसवून नको, तालमीत सूर लावता लावता जे बोलतील ते घे. नावं आणि सालं सुरुवातीला पडद्यावर दोन पाट्यांत दे, तेवढं पुरतं. आणि मेमरी कार्डं, बॅटऱ्या जास्तीच्या ठेव, वन्स मोअर झाला आणि कार्ड भरलेलं असलं तर ते गाणं परत मिळणार नाही.