धार्मिक सण सगळ्यांचा उत्सव कसा होतो? आमचा पोळा बघा

सणातला देव हळूहळू मागे का सरतो, असा प्रश्न आहे. माझ्या मते पूजा जात नाही, तिच्या भोवतीचं जगणं मोठं होतं.

पोळा श्रावण अमावस्येचा. आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते: हळद-तूप लावून पळसाच्या पानांनी बैलाचे खांदे शेकायचे आणि कानात म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." हे आभार कष्टाचे आहेत, म्हणून ज्याच्या घरचा देव वेगळा तोही तोरणाखाली जोडी घेऊन उभा राहतो. झडत्या, म्हणजे पोळ्यात म्हणायची गावरान कवनं, सुरू झाल्या की महादेवाचं नाव येतं आणि लगेच कापसाचा भाव, कर्ज, सरकार!

तान्हा पोळा तर पोरांचाच. लाकडी बैल ओढत घरोघरी जायचं, बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे, घ्यायचा. त्याच दिवशी नागपुरात काळी मारबत, म्हणजे वाईटाचं प्रतीक असलेला बाईचा मोठा पुतळा, १८८१ पासून मिरवणुकीनं निघते; सोबतचे बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, महागाई नि भ्रष्टाचारावर बोलतात.

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. रात्रभर नाटक, पाहुण्यांची गर्दी, तिथंच सोयरिकीची बोलणी.

शेतीचं काम बदललं की सणही बदलतो, याचं मला फार वाईट वाटतं. आमच्या गावात आता मोजक्याच जोड्या उरल्या. काकांनी मागच्या वर्षी बैल विकले. तरी पोळ्याला पुरणपोळी घेऊन ते शेजाऱ्याच्या गोठ्यात गेले, आणि बैलाला भरवल्याशिवाय जेवले नाहीत.