आर्ट क्विल्टचं, म्हणजे अंगावर घ्यायला नव्हे तर भिंतीवर टांगून बघायला केलेल्या कलात्मक गोधड्यांचं, प्रदर्शन पहिल्यांदा बघायला जाताय?

पहिली फेरी नुसती चालत मारा, फोन खिशातच राहू द्या. ज्या क्विल्टपाशी पाय आपोआप थबकतील तेवढ्याच लक्षात ठेवा. बक्षिसाची फीत लागली आहे की नाही, ते नंतर बघा.

आता त्या निवडकांकडे परत या. आधी आठ-दहा फुटांवरून बघा, रंगांची मांडणी तिथूनच कळते. मग जवळ जाऊन जरा कडेला उभे राहा. तिरप्या उजेडात टाक्यांचे उंचवटे दिसतात. वरचं कापड, मधला भराव आणि अस्तर एकत्र धरणारा हा टाका आर्ट क्विल्टमध्ये रेघेचंही काम करतो: दाट घातला की कापड दबतं, विरळ सोडला की फुगतं. मला तर अनेकदा रंगांपेक्षा हेच जास्त आवडतं. कापड रंगवलंय, छापलंय की तुकडे कडा न दुमडता, तशाच कच्च्या ठेवून लावलेत, हेही शोधा.

हात मात्र लावू नका, बोटांचा तेलकटपणा कापडात मुरतो. मागची बाजू बघायची असेल तर हातमोजे घातलेला स्वयंसेवक आहे का बघा, तो उलटून दाखवेल. फोटोची परवानगी असेल तर आधी माहितीच्या पाटीचा घ्या. नाहीतर घरी गेल्यावर कुठलं काम कोणाचं, याचा पत्ता लागत नाही.