कंद अर्धाच पुरा

माशांच्या टाकीत लावायला पाणवनस्पतींचे पाच कंद आणलेस, छान. पण पाचही वाळूत पूर्ण गाडलेस, ते आजच वर काढ. ॲपोनोजेटॉन (कंदातून वाढणारी एक पाणवनस्पती) असो की कमळकंद (टाकीतल्या छोट्या कमळाचा कंद), खालचा अर्धा भाग वाळूत आणि कोंबाचं टोक उघडं, एवढंच हवं. पूर्ण पुरलेला कंद बऱ्याचदा कुजतो. बोटाने दाबून पाहा; मऊ पडून वास मारत असेल तर टाकून दे.

आपल्या कोकणात जांभ्यातलं विहिरीचं पाणी बहुधा मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असतं, या झाडांना ते मानवतं. खाडीकाठची विहीर मचूळ असेल तर मात्र ते वापरू नकोस.

कमळकंदाला फुटलेल्या पिल्लाला तीन-चार पानं आणि स्वतःची मुळं आली की ते हलक्या हाताने खुडून वेगळं लाव. जुना कंद तसाच ठेव, तो पुन्हा फुटतो. मला हा क्षण अजूनही फार आवडतो! ॲपोनोजेटॉनचा तुरा पाण्यावर आला की मऊ ब्रशने परागकण फिरव. बी धरलं तर ते थोडं तरंगून तळाशी बसतं. पुढे पानं झडली तरी कंद घट्ट असेल तर फेकू नकोस, तो विश्रांती घेतोय.

आणि सड्यावरचा, म्हणजे कातळपठारावरचा वायतुरा (ॲपोनोजेटॉनचाच रानातला प्रकार) उपटून आणू नकोस. तो दुर्मीळ आहे, तिथेच राहू दे.