सायप्रसमध्ये घर घेण्यापूर्वी

चि. पुतण्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेली दोन्ही माहितीपत्रके वाचली. दक्षिणेतल्या पाफोसच्या मानाने उत्तरेतल्या किरेनियाचा फ्लॅट बराच स्वस्त आहे आणि समुद्र तर दोन्हीकडे तोच, असे तू लिहितोस. समुद्र तोच आहे. जमिनीची गोष्ट वेगळी. १९७४ मध्ये तुर्की सैन्याने बेटाचा उत्तर भाग ताब्यात घेतल्यावर तिथल्या ग्रीक सायप्रियटांना घरेदारे सोडून दक्षिणेत यावे लागले, आणि १९८३ मध्ये तिथे घोषित झालेल्या राज्याला तुर्कस्तानखेरीज कोणत्याही देशाने मान्यता दिलेली नाही. त्यामुळे हाती पडणारा कागद कितीही रीतसर दिसला, तरी मूळ मालक किंवा त्याचे वारस उद्या हक्क सांगू शकतात. एका ब्रिटिश जोडप्याने किरेनियाजवळच्या लापिथोसला अशाच जमिनीवर बंगला बांधला होता. मूळ मालकाने दक्षिणेतल्या न्यायालयातून तो पाडण्याचा आणि भरपाईचा हुकूम मिळवला, आणि युरोपीय न्यायालयाच्या २००९ च्या निर्णयानंतर इंग्लंडच्या अपील न्यायालयानेही २०१० मध्ये तो मान्य केला. शिवाय मालकाच्या संमतीवाचून अशा मालमत्तेचा व्यवहार करणे हा सायप्रस प्रजासत्ताकात, म्हणजे दक्षिणेतल्या जगमान्य राज्यात, फौजदारी गुन्हा आहे. तेव्हा किरेनियाचे माहितीपत्रक बाजूला ठेव.

दक्षिणेतही डोळे झाकून सही करू नये. तिथले बिल्डर पुष्कळदा जमीन बँकेकडे गहाण ठेवून बांधकाम करतात. ग्राहक पूर्ण पैसे भरून राहायला येतो, पण मालकीचा दाखला वर्षानुवर्षे त्याच्या नावावर होत नाही, आणि बिल्डर बुडाला की बँक पुढे येते. असे इतके लोक अडकले की २०१५ मध्ये त्यांच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला; तो मात्र २०१४ अखेरपर्यंतच्या करारांपुरता होता. गावाकडे जमीन घेताना आपण सातबाऱ्यावरचे इतर हक्क आणि बोजा आधी पाहतो, तसाच तिथल्या भूमी विभागाचा बोज्याचा दाखला इसार देण्यापूर्वी मागव. सही झाल्यावर करार त्याच विभागात सहा महिन्यांच्या आत दाखल करायचा असतो. तो दाखल असला की बिल्डरला तेच घर दुसऱ्याला विकणे अवघड होते. आधीचे गहाण मात्र त्याने पुसले जात नाही. वकील तू स्वतः शोध. बिल्डरने ‘फुकट’ दिलेला वकील कोणाची बाजू पाहील, हे मी सांगायला नको.

युरोपीय संघाबाहेरचा नागरिक म्हणून तुला खरेदीसाठी सरकारची परवानगी लागेल. ती सहसा मिळते, पण वेळ जातो.

नव्या घरावर १९ टक्के मूल्यवर्धित कर आहे. विक्रेते ५ टक्क्यांचा दर मोठ्या अक्षरात छापतात, पण तो स्वतः कायम राहण्याच्या घराला, तोही ठरावीक क्षेत्रफळ आणि किमतीच्या मर्यादेत लागू होतो. भाड्याने देण्याच्या तुझ्या फ्लॅटला तो मिळणार नाही. कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी कर सोडून किमान ३ लाख युरोंचे नवे घर घ्यावे लागते आणि उत्पन्नाच्या अटी वेगळ्या आहेत. गुंतवणुकीवर पासपोर्ट देण्याची योजना तर नोव्हेंबर २०२० मध्येच बंद झाली, हे तुझ्या दलालाने सांगितलेले दिसत नाही.

आता इकडची बाजू. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २.५ लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात आणि त्यासाठी इथली बँक कर्ज देत नाही. १० लाख रुपयांवरील रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ प्राप्तिकर, वसूल करते. विवरणपत्र भरताना तो वळता होतो, पण तोवर तेवढी रक्कम अडकते, म्हणून हप्त्यांच्या तारखा ठरवताना ती हिशेबात धर. घर नावावर झाल्यावर विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात त्याची नोंद दरवर्षी कर. ती चुकवल्यास काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो.

पाफोसच्या फ्लॅटचा बोज्याचा दाखला आणि कराराचा मसुदा हाती आला की मला पाठव. तोपर्यंत आरक्षणाची रक्कमही देऊ नकोस, मग ‘ही सवलत रविवारपर्यंतच’ असे ते कितीही म्हणोत.

कळावे,
तुझा काका