सी प्लस प्लस न शिकता स्वतःचा ऑडिओ प्लगिन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम) बनवता येतो का? सीसाउंड या आवाजाच्या प्रोग्रामिंग भाषेत बनवलेल्यावर स्टुडिओवाले भरवसा ठेवतील का, की थेट ज्यूस (सी प्लस प्लसमध्ये प्लगिन बनवायचं फ्रेमवर्क) शिकू? आणि टेस्ट कसा करायचा?

बनवता येतो. सीसाउंडमध्ये कोड लिहा, त्याचा प्लगिन बनवणाऱ्या कॅबेज या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, व्हीएसटी (प्लगिनचा एक प्रचलित प्रकार) म्हणून एक्सपोर्ट करा. मला बोलायचंय ते तुमच्या भरवशाच्या प्रश्नावर, कारण हा वाद मी इथे फोंड्यात बरीच वर्षं घालतोय.

आमच्या वाड्यावर घुमट आरतीचा गट आहे. घुमट म्हणजे मडक्याच्या एका तोंडावर कातडं चढवलेलं वाद्य. घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, वन्यजीव कायद्यामुळे ते बंद झालं, आता बकऱ्याचं चढवतात. समोर बसून ऐकलं तर छान वाजतं, पण आमच्या रेकॉर्डिंगमध्ये खालचा घुमारा अर्धाच यायचा, म्हणून मी प्लगिन लिहिला. वाजवणारा एका हाताने कातड्यावर मारतो आणि दुसऱ्या तळहाताने मडक्याचं उघडं तोंड झाकतो-उघडतो, तोंड जेवढं झाकाल तेवढा आतल्या हवेचा सूर खाली उतरतो. तेच मी कोडमध्ये धरलं, सीसाउंडच्या 'मोड' या ऑपकोडचे (तयार कमांडचे) दोन-तीन रेझोनेटर (ठरावीक सुराला घुमणारे फिल्टर) आणि तळहाताच्या जागी एक स्लायडर. स्लायडरची व्हॅल्यू सरळ दिली तर हलवताना चरचर येते, 'पोर्टके' या व्हॅल्यू हळूहळू सरकवणाऱ्या ऑपकोडमधून काढली की सूर मऊ सरकतो. गटातले जुने काका हेडफोन लावून बसले आणि "अजून खाली घे रे, अजून थोडा" म्हणत राहिले, सगळं सेटिंग त्यांच्या कानावर लावलंय. २०१९ मध्ये घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला, पण त्याचा आवाज असलेला प्लगिन आपल्याला कोण बनवून देणार होतं?

मग चवथीआधी मिक्सिंगला एका स्टुडिओत गेलो. आरती आम्ही देवळाच्या सभामंडपात आमच्याच रेकॉर्डरवर घेतलेली, ४४१०० सॅम्पल रेटवर (म्हणजे सेकंदाला आवाजाचे इतके नमुने). तिथे प्ले केली तर गाणारे काळी एकमध्ये गायलेले, ते पांढरी दोनच्याही वर ऐकू यायला लागले, घुमट पातळ, लय पळतेय. इंजिनियर सगळ्या गटासमोर म्हणाला, "तुमच्या घरगुती प्लगिनने सेशनचा सॅम्पल रेट बिघडवला, असले प्रकार इथे चालत नाहीत." अहो, सॅम्पल रेट होस्ट, म्हणजे प्लगिन ज्यात चालतो ते सॉफ्टवेअर, ठरवतो आणि प्लगिनला सांगतो, प्लगिन तो बदलू शकत नाही! मी प्लगिन ट्रॅकवरून काढून टाकला आणि परत वाजवायला लावलं, तरी तेच. मग लांबी बघायला सांगितली. पाच मिनिटांची आरती चार मिनिटं छत्तीस सेकंदांत संपत होती. रेझोनेटर फाइल लहान कशी करेल? सेशन ४८००० चं होतं आणि इम्पोर्ट करताना सॅम्पल रेट कन्व्हर्ट करायचा टिक लावलेला नव्हता, म्हणून फाइल जलद वाजत होती, बस्स. टिक लावून परत इम्पोर्ट केलं, सगळं जागेवर आलं. "अच्छा" म्हणून तो पुढच्या ट्रॅककडे वळला, गटासमोर बोललेलं मात्र त्याने मागे घेतलं नाही, आणि आजही लोकांना सांगतो की सीसाउंड म्हणजे कॉलेजातला खेळ. बॅरी व्हर्को यांनी ते एमआयटीत १९८० च्या दशकात लिहिलं, तेव्हा व्हीएसटी हा प्रकारच नव्हता, तो स्टाइनबर्गने १९९६ मध्ये आणला.

तर टेस्टिंग. ते असं करा की उद्या कोणी बोट दाखवलं तर तुमच्याकडे पुरावा हवा. प्लगिनव्हॅल हे प्लगिन तपासायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्याची कडकपणाची लेव्हल निदान ५ ठेवून चालवा, जमलं तर १०. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ४४१००, ४८०००, ९६००० तिन्हीवर लावून बघा, बफर (एका वेळी प्रोसेस होणारे नमुने) ३२ पासून १०२४ पर्यंत फिरवा, प्रोजेक्ट बंद करून उघडा आणि स्लायडर जागेवर आहेत ना ते बघा. एकच ट्रॅक दोनदा रेंडर करा, एकाची फेज उलटी करून दोन्ही एकत्र वाजवा, पूर्ण शांतता आली पाहिजे, न आल्यास प्लगिन दर वेळी काहीतरी वेगळं करतोय (कोडमध्ये रँडम वापरलं असेल तर ही टेस्ट लागू नाही). आणि रेझोनेटरवर काम करताना मास्टरवर लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर अडवणारा प्लगिन) ठेवाच, क्यूचा (घुमणं किती तीव्र त्याचा) आकडा चुकला की कानठळ्या बसतात. फक्त रीपरच वापरत असाल तर कॅबेजही नको, रीपरच्या स्वतःच्या जेएसएफएक्स भाषेत प्लगिन तिथेच लिहून, सेव्ह करून लगेच ऐकता येतं.

ज्यूस शिकू नका असं मी म्हणत नाही. कॅबेजच्या प्लगिनला समोरच्याच्या कॉम्प्युटरवर सीसाउंड टाकलेलं लागतं, स्टुडिओत जाण्याआधी ते विचारून घ्या. आणि सीसाउंडचा कोड असलेली सीएसडी फाइल साधी टेक्स्ट असते, तुमचा कोड कोणीही उघडून वाचू शकतो. प्लगिन विकायचा असेल तर हे दोन्ही अडचणीचं आहे, तेव्हा ज्यूसकडे जा. पण आधी आवाज काय हवाय ते सीसाउंडमध्ये पक्कं करून घ्या, तिथे एक ओळ बदलून लगेच ऐकता येतं, सी प्लस प्लसमध्ये दर वेळी कंपाइल करत बसावं लागतं.