फोरट्रानला विरोध कोणाचा होता?

प्रश्न : संगणकाच्या सुरुवातीच्या काळातील नामवंत तज्ज्ञांचाच फोरट्रान (वैज्ञानिक आकडेमोडीसाठीची) आणि कोबोल (व्यापारी कामांसाठीची) या प्रोग्रामिंगच्या भाषांना विरोध होता, असे वाचनात आले. हे खरे आहे का? असल्यास कारण काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : विरोध होता, पण प्रत्येकाचे कारण निराळे होते. १९५०च्या दशकात यंत्राचा वेळ फार महाग असे. आज्ञांचे आकड्यांत रूपांतर करण्याचे काम यंत्राकडूनच करून घेणाऱ्या एका विद्यार्थ्यावर संगणकाच्या रचनेचा पाया घालणारे गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन चिडले, अशी आठवण सांगितली जाते; एवढे मौल्यवान वैज्ञानिक उपकरण कारकुनीला जुंपणे त्यांना उधळपट्टी वाटली. ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी मात्र १९४७ मध्येच लंडनच्या गणितज्ञांपुढे सांगितले होते की, साचेबद्ध झालेले काम यंत्र स्वतःच करू लागेल आणि त्या वेळी आपली जागा जाऊ नये म्हणून जाणकार मंडळी त्या कामाभोवती गूढतेचे वलय उभे करण्याचा संभव आहे.

आयबीएम या संगणक कंपनीतील जॉन बॅकस यांनी सगळा हिशेबच उलटा मांडला. प्रोग्रामरांवरचा खर्च किमान यंत्राच्या खर्चाइतका होतो आणि यंत्राचा पाव ते निम्मा वेळ चुका शोधण्यात जातो, तेव्हा वाचवायचा तो माणसाचा वेळ, असे त्यांचे म्हणणे होते. यंत्राने रचलेल्या आज्ञा कसलेल्या प्रोग्रामरच्या तोडीच्या असतील, यावर फारसा कोणाचा विश्वास नव्हता. म्हणून त्यांच्या गटाने भाषेच्या घडणीपेक्षा कंपायलरच्या (त्या भाषेतील मजकुराचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या) कार्यक्षमतेवरच अधिक मेहनत घेतली आणि १९५७ मध्ये आयबीएमच्या ७०४ या यंत्रासाठी फोरट्रान दिली.

ज्यांच्या कामाचा कोबोलवर मोठा प्रभाव पडला, त्या अमेरिकी संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांना व्यवहारातील कामे साध्या इंग्रजी शब्दांत लिहिता यायला हवी होती. तेच शब्द फ्रेंच आणि जर्मनमध्येही चालतात, असे त्यांनी दाखवले, तेव्हा अमेरिकेत बनलेल्या यंत्राला परक्या भाषा कशा कळतील, असा प्रश्न वरिष्ठांना पडला!

डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांचा आक्षेप खर्चाबद्दल नव्हताच. वापरलेल्या भाषेचा ठसा आपल्या विचार करण्याच्या सवयींवर उमटतो, असे ते मानत. कोबोलने बुद्धी पंगू होते, सबब तिचे अध्यापन गुन्हा समजावे, असे त्यांनी १९७५ मध्ये लिहिले. वाक्य चटकदार आहे, पण त्याच्या जोडीला पुरावा दिलेला नाही, हे नमूद करणे भाग आहे. गंमत अशी की, ज्या सन्मानामागे फोरट्रानचा मोठा वाटा होता, तो संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना १९७७ मध्ये खुद्द बॅकस यांनीच प्रचलित भाषा अवाढव्य होत चालल्या आहेत, समर्थ नव्हे, अशी टीका केली आणि पर्यायी शैली सुचवली. त्या व्याख्यानावरही डाइक्स्ट्रा यांनी कडक शब्दांत टीका केली.