हेतालियातल्या युक्रेनला ‘कात्युशा’ म्हटलं तर बिघडतं कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तुम्ही ‘हेतालिया’वर, म्हणजे देशांनाच माणसं करणाऱ्या जपानी कार्टून मालिकेवर, चाहत्यांच्या गोष्टी (फॅनफिक्शन) लिहिता, युक्रेनचं नाव कात्युशा ब्रागिन्स्काया ठेवलंत, दोन युक्रेनियन वाचकांनी ते बदलायला सांगितलं, आणि कार्टूनमधल्या पात्राच्या नावावरून एवढं काय, असं तुम्हाला वाटतंय.

नाव बदला. कातेरिना ठेवा. खरं तर उत्तर इथेच संपतं, पण ‘एवढं काय’ हे मी आधी एकदा ऐकून घेतलंय आणि तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नव्हतं. ते आज देते.

मी युक्रेनमधल्या खारकिव्हला एमबीबीएस केलं, २०१५ ते २०२१. तिथे असताना मी त्याला रशियन उच्चारानं ‘खारकोव्ह’ म्हणायचे, आमच्या होस्टेलवर सगळेच म्हणायचे. शहरात बहुतेक जण रशियनच बोलायचे, त्यामुळे कानाला तेच बरोबर वाटायचं. सोबत चित्रं काढायचा नाद होता. पुण्यातला माझा एक जुना मित्र आणि मी मिळून हेतालियावर एक कॉमिक करत होतो, तो लिहायचा, मी काढायचे. रशिया, बेलारूस आणि युक्रेन ही तीन भावंडं, त्यांचं बालपण, नंतर ताटातूट. २०१८ च्या उन्हाळ्यापर्यंत २४ पानं झाली होती. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात नाव होतं, कात्युशा ब्रागिन्स्काया. फॅनमध्ये तेच चालतं म्हणून आम्हीही तेच घेतलं होतं.

स्केचिंगच्या निमित्तानं तिथली एक मुलगी ओळखीची झाली होती. घरी रशियन बोलणारी, आजोळ पोल्टावाकडचं. तिला मी मोठ्या उत्साहानं पानं दाखवली. तिनं सगळी शांतपणे पाहिली. मग माझ्याच हातातली पेन्सिल घेऊन नावावर एक बारीक रेघ मारली आणि खाली आपल्या अक्षरात ‘कातेरिना’ लिहिलं. आडनाव नुसतंच खोडलं, त्याच्या जागी काहीच लिहिलं नाही. म्हणाली, “ही रशियाची बहीण असेल, पण त्याच्या आडनावानं का फिरते? आणि माझ्या आजीचं नाव कातेरिना आहे. तिला कुणी येकातेरिना म्हटलं की ती ओच देत नाही.”

कातेरिना हे युक्रेनियन रूप, येकातेरिना रशियन. मला वाटलं, उच्चाराचा फरक आहे, एवढंच. मी तसं म्हणालेही. तर तिनं बोलणं थांबवलं आणि मला शेव्हचेन्को पार्कात नेलं. तिथे युक्रेनियन कवी तारास शेव्हचेन्कोचा १९३५ सालचा पुतळा आहे. कवी वर उभा, आणि चौथऱ्याभोवती पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेल्या १६ आकृत्या. त्यातली पहिली तान्हं बाळ घेतलेली एक शेतकरी पोर आहे. अनवाणी. मी त्या पुतळ्याजवळून रोज जायचे आणि तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. ती कातेरिना. शेव्हचेन्कोच्या १८४० च्या ‘कोबझार’ या संग्रहातल्या कवितेतली. मॉस्कोच्या फौजेतल्या एका अधिकाऱ्यावर तिचा जीव जडतो, तो निघून जातो, आईबाप घराबाहेर काढतात, ती बाळाला घेऊन बर्फातून त्याला शोधायला निघते, तो सापडतो आणि ओळखही देत नाही. शेवटी ती जीव देते. मॉस्कोवाल्यांच्या नादी लागू नका, हे कवी मुलींना पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. हे सगळं मला रशियनमध्ये, भर उन्हात, त्या ब्राँझच्या बाळाच्या पायावर हात ठेवून सांगितलं गेलं.

म्हणजे ‘कातेरिना’ या नावामागे हे आहे. आणि दुसऱ्या बाजूला येकातेरिना कोण? येकातेरिना दुसरी, रशियाची सम्राज्ञी. तिच्या फौजेनं १७७५ मध्ये कोसॅक लढवय्यांचं झापोरिझ्झियाचं ठाणं, ‘सिच’, मोडून काढलं. १७८३ मध्ये तिच्याच हुकमानं द्नीप्रो नदीच्या पूर्वेकडच्या युक्रेनमध्ये शेतकऱ्यांना जमिनीला बांधून वेठीला धरलं गेलं. शेव्हचेन्को स्वतः वेठबिगार म्हणून जन्मलेला, १८३८ मध्ये पैसे भरून त्याला सोडवलं. ओडेसात या बाईचा पुतळा होता, तो डिसेंबर २०२२ मध्ये उतरवला. तिचं नाव युक्रेनच्या पात्राला द्यायचं आणि वर ‘एवढं काय’ विचारायचं? कात्युशा हे त्याच नावाचं लाडाचं रूप. १९३८ च्या सोव्हिएत गाण्यामुळे घरोघर गेलं आणि मग लाल सैन्याच्या रॉकेटांना चिकटलं. या मुलीवर रॉकेटांचं नाव आणखी कशाला लादायचं?

त्या दिवशी तिनं माझ्या चित्राचीही खोड काढली. मी युक्रेनच्या सदऱ्यावर लाल-काळी फुलं ठोकून दिली होती, सगळेच काढतात तशी. ती म्हणाली, पोल्टावाकडची असेल तर असं नको. घरून आजीचा सदरा घेऊन आली. पांढऱ्या कापडावर पांढऱ्याच दोऱ्याची कशिदाकारी. लांबून दिसतच नाही. खिडकीशी तिरका धरला तेव्हा टाक्यांची सावली पडली आणि बाहीवर एकेक चौकट उठून आली. तो सदरा कागदावर उतरवायला मला आठवडा लागला. कोरा पांढरा भाग आणि दोऱ्याचा पांढरा भाग यांत फरक दाखवायला करड्या पेन्सिलीचा नुसता श्वास लागू द्यायचा.

मी पुण्याला सगळं कळवलं. नाव बदलू, आडनाव काढू, पहिलं पान नव्यानं करू. मित्र म्हणाला, “एवढं काय आहे त्यात? वाचणारे कात्युशाच शोधतात. आपण मजेसाठी करतोय, राजकारण कशाला आणतेस?” दोन महिने वाद चालला. मग त्यानं माझी जुनी पानं जुन्याच नावानं इंटरनेटवर टाकली, मला न विचारता. ते कॉमिक अजून तसंच आहे.

आता त्याचं उत्तर. देशालाच माणूस केलंत की राजकारण पहिल्या चौकटीतच आत आलेलं असतं. तुम्ही त्याला कोणते कपडे घालता, कोण थोरलं, कोण धाकटं, कोण रडतं, हे सगळं राजकारणच आहे. जानेवारी २००९ मध्ये हेतालियाचं प्रक्षेपण सुरू होण्याआधीच कोरियन लोकांनी दक्षिण कोरियाच्या पात्रावरून मोठा गदारोळ केला, मग जपानी वाहिनीनं ते रद्द केलं आणि मालिका इंटरनेटवर गेली. आणि आपण मराठी माणसांनी तरी हे बोलू नये. १९०५ मध्ये अवनींद्रनाथांनी भारतमाता काढली, तिच्या चार हातांत पोथी, भाताच्या लोंब्या, पांढरं वस्त्र आणि माळ दिली, तेव्हापासून तिच्या हातात काय असावं यावर आपण भांडतोच आहोत. हाच माझा मित्र कुणी ‘बॉम्बे’ म्हटलं की तिथल्या तिथे थांबवतो. १९९५ मध्ये बदललं ते इंग्रजीतलं नाव. मराठीत आपण मुंबईच म्हणत होतो. युक्रेनियन माणूसही आपल्या राजधानीला आपल्या भाषेत कायम ‘किइव्ह’च म्हणत आलाय, बाहेर मात्र रशियनवरून घेतलेलं ‘कीएव्ह’ चालायचं. २०१८ मध्ये त्यांच्या परराष्ट्र खात्याला त्यासाठी मोहीम काढावी लागली. १८७६ मध्ये झारनं युक्रेनियन भाषेत पुस्तकं छापायला, बाहेरून आणायला, नाटकं करायलाही बंदी घातली होती. ज्यांच्या भाषेवर असा हुकूम निघालेला आहे त्यांनी एका अक्षरासाठी हट्ट धरला तर तो पुरवावा.

तुमच्या उपयोगाचं थोडं. लाडानं हाक मारायची असेल तर ‘कात्रुस्या’ आहे, अस्सल युक्रेनियन आणि गोड. आडनाव हवंच असेल तर ‘-एन्को’नं संपणारं घ्या, ते बाई-पुरुष दोघांना सारखंच राहतं, रशियन ‘-स्की’चं ‘-स्काया’ होतं तसं बदलत नाही. थोरली बहीण ठेवलीत तर छानच. मॉस्कोचा पहिला उल्लेख ११४७ चा आहे, किइव्ह त्याच्या कितीतरी आधीचं. सोव्हिएत काळात मात्र ‘थोरला भाऊ’ रशियाला म्हणायचे, त्यामुळे हे नातं मूळ मालिकेतून जसंच्या तसं न घेता त्यावर एखादा प्रसंग लिहा. आणि तिला सारखी रडवू नका. मूळ मालिकेत ती रडवी, गरीब आणि तिच्या छातीवरून विनोद, एवढंच आहे. २०२२ नंतर बाहेरच्यांनी तिला रक्तानं माखलेली देवी करून टाकलंय, तेही मला पटत नाही. आजीचा सदरा जपणारी, वाद घालणारी, पेन्सिल ओढून घेणारी बाई काढा की.

एक सांगायचं राहिलं. सगळे युक्रेनियन यावर एकमताचे नाहीत. घरात रशियन बोलणारे आणि स्वतःला कात्या म्हणवणारे तिथे भरपूर आहेत, आणि त्या नावानं ते कमी युक्रेनियन होत नाहीत. माझी मैत्रीणही २०२२ पर्यंत आईशी रशियनच बोलायची. तुमच्या गोष्टीत झारच्या काळातला एखादा रशियन अधिकारी तिला येकातेरिना म्हणत असेल तर म्हणू द्या, त्याच्या तोंडी तेच शोभतं. फक्त ती स्वतः स्वतःला काय म्हणते ते वेगळं ठेवा.

मार्च २०२२ मध्ये त्या पुतळ्याभोवती वाळूच्या गोण्या रचल्या. फोटोत कवी दिसत नव्हता, बाळ घेतलेली पोरही नव्हती. मैत्रीण तोवर आजीला घेऊन पश्चिमेकडे गेली होती, सामानात तो सदरा होता. मी त्याच आठवड्यात पहिलं पान परत काढलं. वर फक्त ‘कातेरिना’, आडनाव नाही, आणि सदरा पांढऱ्यावर पांढरा. तिला पाठवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, की डाव्या बाहीवर एक चौकट कमी पडलीय.